नऊ ट्रॅकचा जिल्हा

नाशिकमध्ये तुमचं घर असेल तर माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. सकाळी दहाच्या सुमाराला, घरातलं तान्हं मूल जेमतेम डोळा लावतं तेवढ्यात खालच्या गल्लीतून "भंगाऽऽर! जुने टीव्ही, जुने फ्रिज, बंद पडलेले इन्व्हर्टर द्याऽऽ" अशी जी आरोळी येते, ती माझी. भंगार मी घेत नाही. मी फक्त आरोळी ठोकली, तीही एकदाच, दहा वर्षांपूर्वी. तेव्हापासून शहरातल्या निम्म्या भंगारगाड्या माझ्या घशावर चालतात. लोक त्या आवाजाला शिव्या घालतात तेव्हा पुष्कळदा मी त्यांच्या शेजारीच उभा असतो आणि मान हलवून म्हणतो, "खरंच हो, काय हा ताप!"

पंचवटीत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे. हळदीची गाणी, उमेदवारांच्या प्रचाराच्या रिक्षा, द्राक्षावरच्या औषधांच्या जाहिराती, जे येईल ते. खाली दळण चालू असलं की वर रेकॉर्डिंग बंद. गिरणीवाला ज्वारी संपवून गहू घालतो त्या मधल्या वेळात मी भल्याभल्यांची भाषणं उरकली आहेत.

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी, जिन्यावर छत्रीचं टोक आपटत कोणीतरी वर आलं. दार ढकलून एक उंच, काटक, पांढऱ्या केसांच्या बाई आत शिरल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ भिंतीपाशी गेल्या, बोटाच्या पेराने टकटक केलं, डावा कान लावला आणि म्हणाल्या, "पोकळ. वाटलंच होतं." मग वळून, "नववी ब. खिडकीकडचा तिसरा बाक. भंगारवाला तूच ना?"

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. दोन मुलींचा बाप. तरी ताडकन उभा राहिलो आणि हातातला वडापाव पाठीमागे लपवला.

भूगोलाच्या बाई!

या बाईंनी मला नापास केलं होतं, एका मार्काने. शंभरात चौतीस. तो एक मार्क ज्या प्रश्नात गेला तो मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. "गोदावरी अरबी समुद्राला का मिळत नाही? एका वाक्यात कारण द्या." मी लिहिलं होतं, "अरबी समुद्र जवळ असल्यामुळे गोदावरी त्यालाच मिळते." आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? नाशिकचा जो तो माणूस नशीब काढायला मुंबईला जातो. चार तासांत समुद्र. मग नदीलाच काय दुखतंय? मी स्टाफरूमच्या दारात उभं राहून गयावया केली, "बाई, एकच मार्क द्या ना." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नदीला उलटी डोंगरावर चढवून दाखव. लगेच देते."

त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत माझं नाव पडलं 'जवळचा समुद्र'.

वर्गात बाई नकाशा टांगायच्या तो भिंतीकडे तोंड करून. आम्हाला फक्त मागचा पिवळट कपडा दिसायचा. "डोळे मिटा, कान उघडा. तोंड मिटलेलंच बरं." मग त्या दोन दगड एकमेकांवर आपटायच्या आणि विचारायच्या, हा कोणत्या डोंगरातला? आम्ही बारा गावांची नावं ठोकायचो. हल्ली त्यांनी नकाशाबद्दलचं आपलं जुनं वाक्य नव्या काळाला बेतून घेतलं होतं. "नकाशा म्हणजे आधार कार्डावरचा फोटो. ओळख पटते, माणूस कळत नाही."

त्या दुपारी त्या मला म्हणाल्या, "मला अल्बम काढायचाय. नऊ ट्रॅक. आपला जिल्हा. गाणी हवीत, पण गाणं ज्या जमिनीत उगवतं ती जमीन मागून ऐकू आली पाहिजे. या पोकळ खोलीत एकही ट्रॅक व्हायचा नाही."

"बाई, ऐकणार कोण?"

"तू. चौतीस मार्कवाल्याला कळला तर बाकीच्यांना कळेलच."

मी त्यांना हे सांगितलं नाही की दिवाळीनंतर मी स्टुडिओला कुलूप लावणार होतो. मुंबईत एका मित्राचं डबिंगचं काम होतं, त्याने बोलावलं होतं. या गावात आपला आवाज भंगारात गेला, तिथे तरी चीज होईल, असा हिशेब. म्हणजे बघा, तीस वर्षांनीही मी त्याच समुद्राकडे निघालो होतो. पण बाईंना नाही म्हणायची हिंमत माझ्यात नववीत नव्हती, ती आता कुठून आणणार?

तर आम्ही निघालो. माझी जुनी व्हॅन, मागे सामान, पुढे बाई. काचा खाली, रेडिओ बंद, मी बोलायला लागलो की छत्रीचं टोक बरगडीत. माझ्या माईकवर वाऱ्यासाठी एक केसाळ टोपी असते. तिला बाई 'मांजर' म्हणायच्या. या मांजराचं तोंड प्रत्येक ठिकाणी उत्तरेलाच करायचं, असा त्यांचा नियम. त्यासाठी पर्समध्ये होकायंत्र. "म्हणजे हेडफोन लावला की डाव्या कानात पश्चिम, उजव्या कानात पूर्व. नकाशासारखं. नाहीतर ऐकणारा चुकेल आणि भलत्याच गावाला जाईल." गायक पूर्वेकडे, कोंबडा पश्चिमेकडे. कोंबडा जास्त ओरडला तरी मांजर वळायचं नाही.

सिन्नरच्या स्टँडबाहेर त्यांनी एका जीपवाल्याला त्याची हाक अकरा वेळा द्यायला लावली. तो वैतागला. "आज्जी, बसायचं तर बसा, नायतर सोडा. गाडी मोकळी चाललीय माझी!"

बाई थंडपणे म्हणाल्या, "मोकळ्या गाडीची हाक अशी नसते. मोकळ्या गाडीचा माणूस शेवटचं अक्षर ओढतो. तुम्ही तोडताय. गाडी भरलीय तुमची."

जीपवाल्याने मागे बघितलं. चौदा माणसं खिदळत होती. "लय बेक्कार म्हातारी हे," तो मला हळूच म्हणाला, आणि बारावी हाक न सांगता दिली.

मालेगावला तर कमाल झाली. तिथे मागाला सांचा म्हणतात. एका पत्र्याच्या कारखान्यात चोवीस सांचे एकदम चालू होते. खटाखट खटाखट, छातीतलं काळीज त्या ठेक्याला लागावं असा आवाज. एक वयस्कर विणकर कामाबरोबर काहीतरी गुणगुणत होता, बाईंना तेच हवं होतं. तो लाजला. "मॅडम, ये तो खाली शोर है. इसको कौन सुनेगा?"

"हम सुनेगा ना!" बाई आपल्या राष्ट्रभाषेत म्हणाल्या. डोळे मिटून, डावा कान पुढे करून उभ्या राहिल्या. दोन मिनिटांनी छत्री उचलली आणि तिसऱ्या ओळीकडे रोखली. "वो लंगडा रहा है."

विणकर गेला, बघितलं, परत आला. त्याचा चेहरा उतरला होता. तिसऱ्या ओळीत एक धागा तुटला होता, आणि तो त्याच्या आधी एका परक्या बाईला कळला होता. मग चहा आला, बिस्किटं आली, आणि त्या माणसाने सांच्यांच्या ठेक्यावर असं काही गायलं की मी हेडफोन काढायलाच विसरलो. परत येताना हायवेवर मी काचा स्वतःहून खाली ठेवल्या. या रस्त्याने मी शंभरदा गेलो असेन. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो ऐकू आला.

श्रावण संपेपर्यंत आठ ट्रॅक झाले. आणि मग ती दुपार आली.

वणीला गडाच्या पायथ्याशी आम्ही बागलाणातल्या बायकांची देवीची गाणी घेतली होती. स्टुडिओत मी ती वाजवून दाखवत होतो. खाली गिरणी बंद होती. बाई म्हणाल्या, "यात मागे एक पक्षी होता. तो का काढलास?"

"नाही काढला. आहे की."

"पुन्हा लाव."

मी लावलं. पक्षी शीळ घालत होता, स्वच्छ, उजव्या कानात. बाईंनी हेडफोन उलटा केला आणि उजवी बाजू डाव्या कानाला लावली. "पुन्हा." तीनदा वाजवलं. तिसऱ्यांदा मी यंत्राकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतो, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मालेगावात डावा कान, भिंतीला डावा कान, व्हॅनमध्ये कायम मान वळवलेली. मी त्याला ऐट समजत होतो. उजवा कान जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

बाईंनी पर्समधून एक छोटी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'गेलेले आवाज'. खाली त्यांच्या त्या सुबक अक्षरात: माघ, पाल. चैत्र, शेजारचा कुकर. ज्येष्ठ, घंटागाडीचं गाणं (बरं झालं). आषाढ, चिमण्या. त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं: श्रावण, वणीचा पक्षी.

"डॉक्टर म्हणतात, आता डाव्याचीही नस वाळतेय. दिवाळीपर्यंत किती उरेल सांगता येत नाही. मशीन दिलंय. मशीनने आवाज मोठा होतो, खरा होत नाही." मग वही मिटून, "नववा ट्रॅक राहिलाय. चल लवकर."

नववा ट्रॅक होता पावरीचा. वाळका भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे शिंग आणि मोरपिसं, असं ते वाद्य. सुरगाण्याकडच्या पाड्यांवर वाजवतात. बाईंची पहिली नोकरी तिकडची. मूळच्या त्या समुद्रकाठच्या, बाविशीतल्या, एकट्या, आणि त्या डोंगरात येऊन पडलेल्या. रोज रात्री रडायच्या. बदलीचा अर्ज लिहून तयार होता. एका संध्याकाळी कापणी झाल्यावर दरीपलीकडून पावरी ऐकू आली. "एकच श्वास," बाई सांगायच्या, "तुटतच नव्हता. मला वाटलं, हा डोंगरच श्वास घेतोय. मी अर्ज फाडला. कोणी विचारलं, तुमचं गाव कोणतं, तर त्या दिवसापासून मी नाशिक जिल्हा सांगते." तो वाजवणारा तेव्हा पंचविशीचा होता. आता आजोबा झाला होता, पण अजून होता. त्यांना तोच श्वास परत एकदा ऐकायचा होता, कान आहे तोवर. बाकी आठ ट्रॅक म्हणजे, खरं सांगायचं तर, या नवव्याकडे जायचा रस्ता होता.

भाद्रपदात आम्ही पोहोचलो. पाड्याभोवती उतारावर नागली, म्हणजे नाचणी, उभी, नुकती कणसं धरलेली. सगळीकडे पाणी, सगळीकडे बेडूक. आजोबांनी बाईंना ओळखलं, हसले, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. पावरी खुंटीला होती, फडक्यात गुंडाळलेली. मी मांजर बाहेर काढलं, तोंड उत्तरेला केलं.

"आता नाय वाजवता यायची, बाय," आजोबा म्हणाले. "नागली उभी हाय."

"मग?" मी विचारलं.

"पावरी ऐकली का नागलीला वाटतं, कापणी झाली, नाचाया बोलावतात. मंग दाणा भरत नाय. नवा दाणा देवाम्होरं गेला का मंग काढायची."

मला हसू आलं. बरगडीत छत्री आली. बाई म्हणाल्या, "किती दिवस?"

"दिवाळीचे नंतर. पंधरा दिस, वीस दिस."

बाईंनी मान डोलावली, चहा प्यायल्या, आणि परतीच्या वाटेवर घाट चढून येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मी छत्रीची वाट बघत मुद्दाम दोनदा बडबडलो. छत्री हलली नाही. तेव्हा मला भीती वाटली.

आता मी जे केलं ते ऐका आणि हसा. मी स्टुडिओत बसून खोटी पावरी बनवली. कीबोर्डवर पुंगीचा सूर घेतला, नाकातून आल्यासारखा केला, श्वासाची घरघर मिसळली. सहा रात्री घातल्या. बाईंना फसवायचं म्हणजे पार्श्वभूमी अस्सल पाहिजे, म्हणून त्या पाड्यावर घेतलेला खराखुरा आवाज मागे घातला. मग फोन केला, "बाई, आजोबांनी कोणाकडून तरी जुनी रेकॉर्डिंग पाठवलीय. मागच्या वर्षीची."

बाई आल्या. हेडफोन लावला. डोळे मिटले. मी उगाच वायरी सारख्या करत बसलो. अर्धं मिनिट गेलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमलायला लागलं आणि मी मनात म्हटलं, जिंकलास लेका.

मग ते उमललेलं मिटलं.

"मागे बेडूक आहेत," बाई म्हणाल्या.

"हो. तिथलेच आहेत, अगदी अस्सल!"

"बेडूक ओरडतात तेव्हा पावरी खुंटीला असते, गाढवा."

चार महिने त्यांच्याबरोबर फिरून मी जगातला पहिला माणूस ठरलो असेन, ज्याने भर पावसाळ्यात पावरी वाजवली. बाई रागावतील असं वाटलं, पण त्या हेडफोनची वायर गुंडाळत बसल्या. "बेडूक छान घेतलेत," त्या म्हणाल्या. "तेवढे ठेव." आणि जिना उतरताना पहिल्यांदा कठडा धरून उतरल्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटा सुरगाण्याकडे गेलो. आजोबांना सगळं सांगितलं. कान चाललाय. दिवाळीनंतरचे वीस दिवस त्यांच्याकडे नाहीत. आजोबांनी एकदा नागलीकडे बघितलं. मग उठून पाड्यावरच्या चारपाच म्हाताऱ्यांकडे जाऊन आले. तिकडे आवाज चढले होते, ते मला ऐकू येत होतं. परत आले तेव्हा म्हणाले, "घेऊन ये बायला. घरात वाजवतो. दार लावून."

आश्विन लागला होता. बाईंच्या वहीत आणखी तीन ओळी वाढल्या होत्या. माझं बोलणं ऐकायलाही आता त्या वाकायला लागल्या होत्या. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं, "आजोबांनी बोलावलंय."

घरात अंधार होता. खिडकीला गोधडी टांगलेली. आजोबांनी हात धुतले, खुंटीवरून पावरी काढली, फडकं सोडलं. मोरपिसं बाहेर आली. बाईंच्या कानाला मी हेडफोन लावला. बाहेर अंगणात ते चारपाच म्हातारे नुसते उभे होते. कोणी बसत नव्हतं, कोणी बिडी ओढत नव्हतं. सून दारापाशी शेताकडे तोंड करून बसली होती, निजलेल्या मुलाजवळ बसावं तशी. आत येऊन तिने दार लोटलं आणि कडी घातली.

आजोबांनी नळी ओठाला लावली, ओली केली.

"दार का लावलं?" बाईंनी विचारलं.

मी घाईने म्हटलं, "बाई, बाहेरचा आवाज नको म्हणून."

"तू बाहेरचा आवाज कधीपासून नको म्हणायला लागलास?" त्या सुनेकडे वळल्या. "तू सांग गं. मोठ्याने सांग, मला कमी येतं."

सुनेने सासऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नागलीला ऐकू जाया नको म्हनून."

"आणि गेलं तर?"

सुनेने दाराची कडी पुन्हा चाचपून बघितली. आजोबांची बोटं भोकांवर तशीच होती. मी डोळ्यांनी त्यांना विनवत होतो, वाजवा हो, एकदा फुंका, एक श्वास!

बाईंनी हेडफोन काढला. माझ्या मांडीवर ठेवला. उठल्या, कडी काढली, दार उघडलं. एकदम उजेड आला आणि बाहेरचे म्हातारे दचकून मागे सरले.

"ठेवा ती खुंटीला," त्या आजोबांना म्हणाल्या.

"बाय, तुझेसाठी..."

"ठेवा."

तेव्हा माझा तोल गेला. श्रावणापासून त्यांच्यासमोर कोणी उच्चारलं नव्हतं ते मी ओरडून बोललो. "बाई, पुढच्या महिन्यात तुम्हाला काही ऐकू येणार नाही! काहीही नाही! कळतंय का तुम्हाला?"

माझा घसा भंगारवाल्याचा आहे. सगळ्या पाड्याने ऐकलं. बाईंनी तर नक्कीच.

"कळतंय," त्या म्हणाल्या. "माझा कान एक आहे. इथे खाणारी तोंडं मोज." मग आजोबांकडे बघून थोडं हसल्या. "आणि दार लावून चोरून ऐकलेला डोंगर घेऊन मी काय करू?"

अंगणातला एक म्हातारा पुढे आला आणि त्यांची दारातली चप्पल सरळ करून ठेवली.

व्हॅनमध्ये मी रडलो, हे कबूल करतो. बाईंनी छत्री मारली नाही. वाटेत म्हणाल्या, "मुंबईला जाणार आहेस ना दिवाळीनंतर? तुझ्या बायकोने सांगितलं. वीस दिवस थांब."

दिवाळी आली. पाडव्याच्या संध्याकाळी मी फराळ घेऊन गेलो तर गल्लीत फटाक्यांच्या माळा फुटत होत्या आणि बाई गॅलरीत बसून शांतपणे वर्तमानपत्र वाचत होत्या. टेबलावर वही उघडी होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: कार्तिक, सगळे.

कार्तिकातच निरोप आला. नागली कापली. नवा दाणा देवापुढे गेला. या.

दुपार होती. आकाश धुतल्यासारखं, बेडकांचा पत्ता नाही. खळ्यावर बायका सुपाने नागली पाखडत होत्या. त्या वर्षी दाणा भरभरून आला होता, आणि प्रत्येक जण बाईंजवळ येऊन ओंजळीतला दाणा दाखवून जात होता. बाईंनी होकायंत्र काढलं, मांजराचं तोंड स्वतः उत्तरेला केलं आणि खळ्याच्या कडेला दगडावर बसल्या. गळ्यात दोरीने एक पोराटोरांची पाटी अडकवलेली. आता त्यांच्याशी बोलायचं ते त्या पाटीवर.

आजोबांनी पावरी वाजवली. तुटतच नव्हती ती. मी बाईंकडे बघत होतो. त्यांचे डोळे मिटलेले, मान वळवलेली नव्हती. डावा कान पुढे करायची सवय त्यांनी सोडून दिली होती.

संपल्यावर त्यांनी गळ्यातली पाटी काढून माझ्या हातात दिली. "लिही. काय काय ऐकू आलं?"

मी लिहिलं, "खूप छान वाजवलं."

बाईंनी ते पदराने पुसलं. "छान कुठे आहे नकाशात? नीट ऐक आणि सांग."

मी हेडफोन लावला आणि नुकतंच घेतलेलं पहिल्यापासून ऐकलं. डोळे मिटले. पावरी मधोमध. तिच्याखाली सुपांची सळसळ, शेणाने सारवलेल्या खळ्यावर बायकांचे पाय. डाव्या कानात, खाली, एक ओढा. तो लांब लांब जात होता. आणि उजव्या कानात, सूर जरा बदलला की अर्ध्या क्षणाने दुसरी पावरी. मी दचकून डोळे उघडले. तिकडे कोणी वाजवत नव्हतं. तिकडे डोंगर होता, ज्याचा घाट उतरून आम्ही दरवेळी इकडे यायचो. पावरी त्याच्यावर आपटून परत येत होती. ओढ्याला तिकडून वाटच नव्हती, म्हणून तो डावीकडे पळत होता. आणि डोंगराच्या पलीकडे आमचं घर, आमची गिरणी, आमची नदी. तिलाही इकडे यायला वाट नव्हती.

पाटीवर मी लिहिलं:

"डाव्या कानात ओढा, अरबी समुद्राकडे चाललाय. उजव्या कानात डोंगर, तो पावरी परत पाठवतोय. गोदावरी त्याच्या पलीकडे आहे. समुद्र जवळ आहे, पण मध्ये डोंगर आहे. पाणी डोंगर चढत नाही."

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली, पाटीच्या उजव्या कोपऱ्यात '१' लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि खाली सही केली. पाटी माझ्याकडे दिली, उठल्या आणि ओंजळ पुढे करून आजोबांच्या सुनेकडे नागली मागायला गेल्या.

मी पाटी धरून तसाच उभा होतो. सून सूप घेऊन जाताना थांबली.

"काय लिवलंय बाईनं?"

"पास झालो," मी म्हटलं.

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, पोटावर जरा जास्त वेळ थांबली.

"कितवी?"

"नववी."